समुद्र दिसतो, पण नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?

"माझे यजमान राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. त्यांची तीन वर्षांसाठी पोर्ट ब्लेअरला बदली झाली असून १५ मेपर्यंत रुजू व्हायचं आहे. बँकेचं क्वार्टर नाही, घर आम्हीच शोधायचं. सोबत सासूबाई (वय ७१, दमा आणि गुडघेदुखी), सेमी इंग्रजीतून आठवी झालेली मुलगी आणि तिसरीत जाणारा मुलगा. एका दलालाने फोटो पाठवले आहेत: कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्याला समुद्रासमोर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जंगलीघाटला बाजाराजवळ तळमजला, आणि बांबूफ्लॅटला निम्म्या भाड्यात अख्खं स्वतंत्र घर. माझं मन समुद्रावर, ह्यांचं बांबूफ्लॅटवर. दलाल टोकनसाठी मागे लागला आहे. काय करावं? आणि इथून काय काय न्यावं?"
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

ताई, टोकन पाठवू नका. तिन्ही घरांपैकी एकही, जसं आहे तसं, तुमच्या कुटुंबासाठी बरं नाही. त्यातलं बांबूफ्लॅटचं तर भाडं माफ केलं तरी घेऊ नका. कारण साधं आहे. बांबूफ्लॅट खाडीच्या पलीकडे आहे. चाथमच्या धक्क्यावरून फेरीबोटीने जायचं, गाडीही बोटीवर चढवायची. रस्त्याने जायचं तर फेरारगंजकडून मोठा वळसा. दमेकरी माणसाला रात्री अडीच वाजता धाप लागली तर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय अलीकडच्या काठावर आणि तुम्ही पलीकडच्या. बोटीच्या वेळापत्रकावर नोकरी करता येते, दमा सांभाळता येत नाही.

आता पोर्ट ब्लेअरबद्दल. सप्टेंबर २०२४पासून कागदोपत्री नाव श्री विजय पुरम, पण बोलण्यात सगळे जुनंच नाव घेतात, म्हणून इथेही तेच. नागपुरात घर शोधताना आपण शाळा, बाजार, पार्किंग आणि उन्हाची दिशा बघतो. पाण्याचा प्रश्न फारसा मनात येत नाही, पेंचचं पाणी आहे म्हणून. तिथे मात्र पहिला प्रश्न पाण्याचाच. वर्षाला साधारण ३,००० मिलीमीटर पाऊस, म्हणजे नागपूरच्या जवळजवळ तिप्पट, आणि तरीही मार्च-एप्रिलमध्ये टंचाई. शहराची मुख्य भिस्त धनीखाडी धरणावर. बेट चिंचोळं, नद्या आखूड, पडलेला पाऊस काही तासांत समुद्रात जातो. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरात ईशान्येचा, आणि जानेवारीपासून कोरडं. त्या कोरड्या महिन्यांत नळ रोज येत नाही. एक दिवसाआड, कधी दोन-तीन दिवसांआड, तोही ठरावीक वेळेलाच.

म्हणून घर बघताना आधी टाकी बघायची. हिशेब सोपा आहे: तुम्ही पाच माणसं, माणशी दिवसाला १०० लिटर धरले तरी ५०० लिटर. पाणी तिसऱ्या दिवशी आलं तर १,५०० लिटर हवेत, आणि एखादी पाळी चुकली तर हातात काही उरावं म्हणून २,००० ते २,५०० लिटरची साठवण तुमच्या एकट्याच्या वापराची हवी. शब्द नीट वाचा, एकट्याच्या. गच्चीवर १,००० लिटरच्या दोन टाक्या दिसतात, घरमालक "पाण्याचा प्रॉब्लेम नाही" म्हणतो, आणि नंतर कळतं की त्या टाक्यांवर चार बिऱ्हाडं आहेत आणि पंपाची चावी मालकाच्या वहिनीकडे. टाकीची क्षमता तिच्या अंगावर लिहिलेली असते. वर चढून वाचा, पाइप कोणकोणत्या घरात उतरतो ते बोटाने दाखवायला सांगा.

खाली संप, म्हणजे जमिनीलगतची टाकी, आहे का, हेही बघा. नळाचं पाणी दाब नसताना येतं. ते आधी जमिनीलगतच्या संपात पडू द्यायचं आणि मग पंपाने वर चढवायचं, हीच पद्धत टिकते. संप नसेल आणि घर टेकडीच्या टोकाला असेल, तर लाइनीच्या शेवटच्या घराला जे मिळतं तेच मिळणार: नळातून हवेची शिट्टी. छपरावरचं पाणी साठवायची सोय असेल तर त्या घराला चार गुण जास्त द्या. एक मिलीमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. ८० चौरस मीटरचं छप्पर, २० मिलीमीटरची एक सर, वाया जाणारं वगळून साधारण १,२५० लिटर. हंगामाचा पहिला पाऊस सोडून द्यायचा, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

इथे तुमचं नशीब बरं आहे. १५ मेला यजमान पोचतील तेव्हा कोरडा हंगाम संपत आलेला असेल, म्हणजे टंचाई कळसाला. साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानात मोसमी पाऊस पोचतो, केरळच्याही आधी. त्यांनी एकट्याने जावं, बँकेच्या ओळखीने एखाद्या गेस्ट हाऊसमध्ये किंवा महिन्याच्या बोलीवर खोली घेऊन राहावं, आणि मनात भरलेली दोन-तीन घरं दोनदा बघावीत: एकदा पावसाआधी आणि एकदा चांगला दोन दिवस पाऊस झाल्यावर. पहिल्या भेटीत नळ कळतो, दुसऱ्या भेटीत गळती. जे लोक जुलैत जाऊन घर घेतात त्यांना हिरवंगार दिसतं आणि भरलेल्या टाक्या दिसतात. मार्च उजाडला की टँकरचे नंबर शोधत फिरतात. पाण्याबद्दल मालकाला विचारून उपयोग नाही. शेजारच्या भाडेकरूला विचारा, "मार्चमध्ये टँकर किती वेळा बोलावला?"

दुसरी गोष्ट उतार. पोर्ट ब्लेअर सगळं टेकड्यांवर वसलेलं आहे, सपाट जागा कमीच. सखल भागात पाणी साचतं आणि उंचावर नळ पोचत नाही, म्हणून घर मधल्या उंचीवर, उताराच्या अंगावर हवं. जंगलीघाटचा तळमजला मी नको म्हणतो तो यासाठी. तो भाग खाडीला लागून आहे. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की नाल्यांचं तोंड समुद्राकडून बंद होतं, पाणी मागे फिरतं. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन साधारण एक मीटर खचली. पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटची भातशेती तेव्हा समुद्राखाली गेली. जंगलीघाटसारख्या सखल गल्ल्यांचा हिशेब तेव्हापासून बदलला आहे. सखल घर बघायचंच असेल तर अमावस्या किंवा पौर्णिमेच्या दिवशी, भरतीच्या वेळी बघा. शिवाय साचलेलं पाणी, उंदीर आणि अनवाणी पाय म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. अंदमानात हा आजार जुना आहे आणि पावसाळ्यात डोकं वर काढतो. ताप आला तर डेंग्यू-मलेरियासोबत या तपासणीचंही डॉक्टरांना विचारायचं, हे लक्षात ठेवा.

सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न इथे येतो. तळमजला दमट, सर्वांत वरचा मजला गळका आणि तापणारा, म्हणून मधला मजला चांगला. पण मधला म्हणजे जिने. उतारावरच्या शहरात यावर एक मार्ग असतो: रस्त्याच्या खालच्या अंगाला बांधलेलं घर. रस्त्यावरून सरळ आत शिरता ती पातळी खरं तर पहिला किंवा दुसरा मजला असते, खालचे मजले उतारावर. दारापर्यंत एकही पायरी नाही आणि जमिनीची ओलही नाही. असं घर शोधायला सांगा. याच्या उलट, रस्त्यापासून चाळीस पायऱ्या चढून किंवा उतरून जायची घरं भरपूर आहेत. फोटोत पायऱ्या येत नाहीत, म्हणून व्हिडिओ कॉलवर दलालाला गाडी लावण्याच्या जागेपासून दारापर्यंत चालायला लावा.

पण अशा घरात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. अंदमान भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या क्षेत्रात येतं. उतारावरच्या घराचे पुढचे कॉलम लांब असतात आणि डोंगराकडचे आखूड. जमीन हलली की जोर सगळा आखूड कॉलमवर येतो, कारण ते ताठ असतात, वाकत नाहीत. तडा तिथेच जातो. घराच्या खाली जाऊन बघा. कॉलम एकमेकांना आडव्या बीमने बांधलेले आहेत का? आखूड कॉलमवर तिरक्या, एक्सच्या आकाराच्या तडा आहेत का? सिमेंट फुटून आतली सळई लाल झालेली दिसते का? खालचा मजला नुसता मोकळा, गाड्या लावायला, आणि वर भरगच्च भिंती, असं असेल तर ते घर सोडा. शेजारच्या डोंगराला धरून ठेवणारी संरक्षक भिंत असेल तर तिच्यातून पाणी निघायची भोकं हवीत आणि पावसात ती वाहती दिसली पाहिजेत. भोकं बुजलेली असतील तर मागे पाणी तुंबतं आणि भिंत पोटाशी फुगते. फुगलेली भिंत लांबूनही ओळखू येते. लाकडी भिंतींची, पत्र्याची जुनी घरं गावात अजून आहेत. भूकंपात ती हलकी म्हणून बरी, पण वाळवी आणि पत्र्यावर पावसाचा आवाज दोन्ही सोसावं लागतं. सासूबाईंची झोप जाईल.

आता तुमचा समुद्रासमोरचा फ्लॅट. मन मोडायला वाईट वाटतं, पण खारा वारा काय करतो ते पाहा. घर बघायला जाल तेव्हा बाल्कनीतल्या एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पात्यांना हात लावा: पांढरी पूड निघाली, पाती बोटाने मोडली, तर समजा. खिडकीच्या बिजागऱ्या, स्विचबोर्डचे स्क्रू आणि गॅसच्या शेगडीचे बर्नरही बघा. काचेवर चिकट, पांढुरका थर असतोच. नैर्ऋत्येचा वारा मे ते सप्टेंबर आणि ईशान्येचा नोव्हेंबर-डिसेंबरात. पूर्व किनाऱ्यावरच्या, समुद्राकडे तोंड केलेल्या खिडक्यांना दुसऱ्या पावसाची झोड थेट बसते. दीड-दोन फुटांचा छज्जा नसेल तर खिडकीखालची भिंत कधी वाळत नाही. आणि मुलांना समुद्रावर सोडायचं म्हणाल, तर कॉर्बिन्स कोव्हला मगरींच्या इशाऱ्याचे फलक आहेत. समुद्र बघायला सुट्टीच्या दिवशी जावं, राहावं एखाद्या टेकडीच्या आडोशाला.

ओल हा सासूबाईंचा खरा शत्रू आहे. हवेत ८० टक्क्यांच्या आसपास दमटपणा, त्यामुळे बुरशी पुस्तकांवर, पिशव्यांवर, चपलांवर आणि कपाटामागच्या भिंतीवर येते. दम्याला तीच झोंबते. ताजा रंग दिलेलं घर असेल तर एक सोपी चाचणी करा. प्लॅस्टिकचा तुकडा, साधारण फूट बाय फूट, बाहेरच्या भिंतीला घराच्या आतून चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब दिसले तर भिंतच पाझरते आहे. रंगाने ते लपतं, थांबत नाही. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, खेळती हवा आणि एसीच्या ड्राय मोडने भागेल. सासूबाईंच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या हव्यातच. कपाटं भिंतीपासून चार इंच पुढे ओढून ठेवायची. एक डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं यंत्र, त्यांच्या खोलीसाठी घ्या. तो खिडक्या बंद असतानाच काम करतो, आणि त्याच्या टाकीत रात्रभरात साचलेलं पाणी बघून तुम्हालाच नवल वाटेल.

मग राहायचं कुठे? माझी पसंती शहराच्या दक्षिणेकडच्या प्रोथरापूर-गाराचरमा पट्ट्याला. बांधकामं तुलनेने नवी, जागा मोकळी, बाजार हाताशी आणि शहरात यायला मुख्य रस्ता. दुसरी निवड डेलानीपूरच्या चढावरच्या गल्ल्यांना: घरं लहान, गाडी लावायला त्रास, पण अटलांटा पॉइंटवरचं पंत रुग्णालय जवळ, आणि अ‍ॅबरडीन बाजारही. बँकेची शाखा अ‍ॅबरडीनमध्ये असेल तर डेलानीपूर, शहराबाहेर असेल तर गाराचरमा, असं ठरवायला हरकत नाही. फीनिक्स बे आणि हॅडोला बोटींचे धक्के. गजबज आणि ट्रक. विमानतळाजवळच्या लांबा लाइनला घरं चांगली मिळतात, विमानांचा आवाज खपत असेल तर. हृदय किंवा मेंदूचं मोठं काही झालं तर चेन्नई किंवा कोलकाता गाठावं लागतं, तेही विमान मिळालं तर. सासूबाईंच्या डॉक्टरांशी निघण्याआधी हे मोकळेपणाने बोला. नेब्युलायझर आणि दोन महिन्यांचे इन्हेलर सोबत न्या.

शाळा आणि घर जवळ ठेवा, याचं एक कारण नागपूरकरांच्या ध्यानात येत नाही. घड्याळ आपलंच, पण बेट पूर्वेला खूप लांब. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये पहाटे पाचच्या आधी उजाडतं आणि पावणेसहाला अंधारायला लागतं. मुलीची शिकवणी सहाला सुटली तर ती अंधारात, चढाच्या गल्लीतून येणार. घर बघायला एकदा संध्याकाळी सात वाजता जा, दिवे किती आहेत ते मोजा.

शाळा तिथे सीबीएसईच्या, सत्र एप्रिलपासून. म्हणजे तुम्ही जूनमध्ये पोचाल तेव्हा नववीचे दोन महिने झालेले असतील. मुलीला गणित-विज्ञान इंग्रजीतून येतं, ते निभेल. अडचण इतिहास-भूगोलाची, कारण सेमी इंग्रजीत ते मराठीतून झालं. नववीची एनसीईआरटीची सामाजिक शास्त्रांची पुस्तकं आत्ताच आणा आणि मे महिन्यात रोज दोन पानं मोठ्याने वाचून घ्या. मराठी विषय मिळणार नाही, हिंदी घ्यावी लागेल. नागपूरच्या मुलांना बोलायला ती जड नाही, लिहायला सराव हवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी इथूनच घेऊन जा, कारण बोर्ड आणि राज्य दोन्ही बदलतंय. तिथून परत पाठवलं तर महिना जातो. नववी चुकवू नका, सीबीएसईत दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते. केंद्रीय विद्यालयात अर्ज जरूर करा, पण केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं आधी आणि बँकवाल्यांची त्यांच्या मागे, म्हणून दुसरी शाळाही हाताशी ठेवा.

काय न्यावं? कूलर विका. नागपूरच्या मेमध्ये ४४ अंश आणि हवा कोरडी ठाक, म्हणून वाळ्याच्या ताट्यांतून आलेला वारा १५ अंशांनी गार होतो. पोर्ट ब्लेअरला ३१ अंश आणि ८० टक्के दमट हवा. तिथे कूलर जेमतेम दोन-तीन अंश उतरवेल आणि खोलीतली ओल वाढवेल, दम्याला ते विषच. प्लायवूड आणि भुशाच्या पाट्यांचं फर्निचर इथेच ठेवा, फुगून त्याचे पापुद्रे निघतात. सागवानी पलंग, स्टीलची भांडी आणि उशा न्या. गादी तिथे नवी घ्या. लोखंडी कपाट न्यायचंच असेल तर खाली आणि पाठीला रंगाचा हात मारून न्या. इन्व्हर्टर न्या, वीज मुख्यतः डिझेलवर चालते आणि जाते. बॅटरी मात्र तिथेच विकत घ्या. सामान ट्रकने चेन्नईला आणि तिथून जहाजाने जातं. महिनाभर धरून चला, आणि प्रत्येक खोक्यात प्लॅस्टिकच्या आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. स्कूटर नेणार असाल तर आरटीओची एनओसी आधी घ्या. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर तिथे नवी नोंदणी करावी लागते. घरचा गॅस बंद करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या आणि तिथे दोन सिलिंडरची जोडणी मागा, गॅसही जहाजानेच येतो.

भाजी हाही जहाजाचाच मामला. हवामान बिघडलं, जहाज लांबलं, की कांदे-टोमॅटो महाग आणि सांबार (कोथिंबीर) दिसेनासा. घराच्या कुंडीत लावा, फक्त आडोशाला ठेवा. तूरडाळ आणि तिखट हवाबंद डब्यांत, एक-दीड महिन्याचंच. जास्त भरलंत तर जाळं धरतं. बाथरूमच्या मोरीला जाळी लावून घ्या, तिथल्या गोमी वीतभर असतात आणि चावतात. रात्री चपला झटकून घालायची सवय मुलांना इथूनच लावा.

भाडेकरार अकरा महिन्यांचा करा आणि त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: टाकीतला तुमचा हिस्सा लिटरमध्ये, टँकरचा खर्च कुणी द्यायचा, आणि गळती निघाल्यास दुरुस्ती किती दिवसांत. भाडेकरूची पोलिस पडताळणी होते, त्यासाठी सगळ्यांच्या आधारच्या प्रती आणि यजमानांचा बदली आदेश तयार ठेवा. टोकन द्यायचं ते त्या कराराचा मसुदा वाचून झाल्यावर.